आधी ऐकवायचं, मग मागायचं

आटपाडीत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, जावळ, सत्कार, जत्रा, कुस्त्यांचं मैदान, जिथनं सुपारी येईल तिथं कॅमेरा घेऊन जायचं, हा धंदा. व्हीएचएसच्या कॅसेटवर सुरुवात केली, मग मिनी डीव्ही आली, मग सीडी, आता मेमरी कार्ड. गिऱ्हाईक ज्यासाठी पैसे मोजतं ते वीस वर्षांनी त्याला बघायचं नसतं, ही गोष्ट या धंद्यात फार उशिरा कळते. त्या दिवशी स्टेज, आहेर, पुढाऱ्याचा आशीर्वाद, सगळं नीट यायला हवं असतं. पुढं कधीतरी तेच घर कॅसेट बाहेर काढतं आणि हळदीच्या गर्दीत कडेला बसून कांदा चिरणारी आजी शोधत बसतं.

मला हे एका फोनमुळं कळलं. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली पुष्कळ घरं गलाईच्या धंद्यात आहेत. दुष्काळानं गाव सोडायला लावलं आणि माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेली. केरळात जा नाहीतर उत्तर प्रदेशात, सराफ बाजाराच्या एखाद्या बोळात भट्टीपाशी आपल्याकडचं माणूस बसलेलं सापडतंच. तसल्याच एका घरातून, तमिळनाडूतून, फोन आला. आजी वारली होती. नव्वदच्या दशकात मी केलेल्या त्यांच्या घरच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये ती मागं ओव्या म्हणताना ऐकू येते, तेवढाच तुकडा काढून द्याल का, असं विचारत होते. काढून दिला. दीड-दोन मिनिटांचा असेल. त्यात बँडची सनई शिरलेली, कोणीतरी मधेच मीठ मागतंय, नवरी तर फ्रेममध्ये पण नाही. तो तुकडा त्यांच्या नात्यागोत्यात फिरला आणि मला कोइमतूर, विजयवाडा, कानपूर असे कुठनं कुठनं फोन यायला लागले. सगळ्यांचा प्रश्न एकच : आमची पण कॅसेट तुमच्याकडं असेल ना?

त्यातून आम्ही चारपाच जण एकत्र आलो. एक निवृत्त मास्तर, कॉलेजात शिकणारी एक मुलगी, शेळ्या-मेंढ्यांचा एक व्यापारी, किराणा दुकान चालवणाऱ्या एक वहिनी आणि मी. आटपाडी आणि भोवतालच्या वाड्यावस्त्यांचे आवाज गोळा करायचे, नीट नोंद करून ठेवायचे, एवढंच ठरलं होतं. संस्था काढली नाही, पावतीपुस्तक छापलं नाही. छापलं असतं तर आधी अध्यक्ष कोण यावर सहा महिने गेले असते.

गावात पहिला प्रश्न आला तो असा : आता आणखी काय गोळा करताय? सगळं तात्यांनी लिहून ठेवलंय की. तात्या म्हणजे व्यंकटेश माडगूळकर. माडगुळं आमच्याच तालुक्यातलं, आणि अण्णांचा, म्हणजे गदिमांचा, जन्म १९१९ सालचा, शेटफळ्यातला. ‘माणदेशी माणसं’ १९४९ ची, ‘बनगरवाडी’ १९५५ ची. शंकरराव खरात तर आटपाडीचेच. एवढी मोठी माणसं एका कोरड्या तालुक्यातनं निघाली, तेव्हा आपलं लिहून झालंय असं वाटणं साहजिक आहे. पण पुस्तकातला मेंढका कसा बोलतो ते वाचता येतं. मेंढरं पांगल्यावर तो जीभ टाळूला लावून कसला आवाज काढतो, ते वाचून कोणाला काढता येणार नाही.

असल्या कामाची सुरुवात सगळीकडं आवाहनानं होते. फलक लागतो, पत्रक वाटलं जातं, आपल्या घरातल्या जुन्या गोष्टी आणून द्या असं लाऊडस्पीकरवरनं सांगितलं जातं. आमच्याकडंही झालं. कोणी आलं नाही. आलं ते एक गृहस्थ, घरातलं तांब्याचं घंगाळ विकत घेता का म्हणून विचारायला. लोकांचं काही चुकत नव्हतं. आपल्याकडं मौल्यवान काही आहे असं ज्याला वाटतच नाही, तो काय आणून देणार? आईच्या ओव्या, आज्याची हाक, बाजारातली बोली, हे कोणी जिन्नस म्हणून कपाटात ठेवत नाही.

मग आम्ही उलटं सुरू केलं. माझ्याकडच्या जुन्या कॅसेटी डिजिटल करून घेतल्या. निम्म्यांना बुरशी आलेली. व्हीसीआर मिळेना, मिळाला त्याचं हेड झिजलेलं. त्या पंचाईतीत एक पावसाळा गेला. जे निघालं त्यातले जत्रेचे, बाजाराचे, गजी नाचाचे तुकडे जोडून एका रात्री देवळापुढं पडदा लावला आणि नुसतं दाखवलं. काही मागितलं नाही. पहिली दहा मिनिटं लोक गप्प होते. मग एकानं ओळखलं, तो आमचा मामा. दुसरा म्हणाला, मामा कसला, तो तर खरसुंडीचा ढोलवाला. मग जी जुंपली ती संपेचना. आमची कॉलेजातली मुलगी वही घेऊन मधे बसली होती. त्या एका रात्री तिनं जेवढी नावं, गावं, नाती लिहून घेतली तेवढी आम्हाला घरोघर हिंडून मिळाली नसती.

आमच्या व्यापाऱ्याची तर तऱ्हाच वेगळी. त्याला पडद्यावरची माणसं ओळखू येत नव्हती, मेंढरं ओळखू येत होती. अमुक शिंगाचा मेंढा अमक्याच्या कळपातला, त्या वर्षी तो उत्तरेश्वराच्या जत्रेत आणला होता, पुढच्या वर्षी विकला, म्हणजे हे चित्रण त्याच्या आधीचं. मी कॅसेटवर तारीख लिहिली नव्हती, ती मेंढ्याच्या शिंगावरनं निघाली. मास्तरांनी नंतर घरोघरच्या लग्नपत्रिकांवरनं पडताळून पाहिलं. वर्ष बरोबर होतं.

महाराष्ट्रात हे काम मोठ्या प्रमाणावर आधी झालेलं आहे, आणि तेही असंच गावातल्या माणसांना बरोबर घेऊन. गी पॉइतवां आणि हेमा राईरकर यांनी ऐंशीच्या दशकात मुळशीकडच्या डोंगरी भागात जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. ओव्या लिहून घेणाऱ्यांमध्ये खेड्यातल्याच बाया होत्या, तिथल्या संघटनेतल्या कार्यकर्त्या. बर्नार्ड बेल हे संगणक जाणणारे संगीतशास्त्रज्ञ पुढं त्यात आले, ध्वनिमुद्रण झालं, आणि एक लाखाहून जास्त ओव्या साठल्या. २०१७ पासून ‘परी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, त्या इंटरनेटवर देते आहे : ओवी, तिचं लिप्यंतर, म्हणणाऱ्या बाईचं नाव, गाव, बऱ्याचदा फोटोही. आमच्या वहिनींना ते मी मोबाईलवर दाखवलं. त्यांनी ओव्या ऐकल्या त्या ऐकल्याच, पण बघत बसल्या त्या नावाकडं. एवढ्या मोठ्या यादीत बाईचं स्वतःचं नाव, कोणाची बायको म्हणून नव्हे. तिथून पुढं वहिनी कामाला लागल्या.

धनगरांकडच्या ओव्यांचा अभ्यास तर एका जर्मन माणसानं केला. गुंथर सोंथायमर. खंडोबा, बिरोबा, म्हसकोबा यांच्या मागं तो माणूस वाड्यावाड्यांतून टेपरेकॉर्डर घेऊन हिंडला. १९९२ साली वारला. त्यानं नोंदवलं ते थोर आहे, वाद नाही. पण आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या गायकानं मला विचारलं, की असा गोरा माणूस यायचीच वाट बघायची होती का? मी म्हटलं, आता आपण आलोय. तो म्हणाला, तुम्ही तर शूटिंगवाले, तुम्ही पैसे घेता.

बायकांच्या ओव्यांच्या बाबतीत मी कॅमेरा घेऊन घरात शिरणं काही उपयोगाचं नव्हतं. माझ्यापुढं डोक्यावरचा पदर पुढं ओढून देवाच्या चार ओव्या व्हायच्या आणि संपायचं. वहिनी गेल्या की सासूच्या, नणंदेच्या, दारू पिणाऱ्या नवऱ्याच्या, माहेरी न्यायला न येणाऱ्या भावाच्या ओव्या निघायच्या. एका आजींना जात्याशिवाय आठवेचना. त्यांचं जातं गोठ्याच्या दाराला पायरी म्हणून बसवलेलं होतं. ते उपटलं, धुतलं, त्यात मूठभर जोंधळे टाकले, आणि खुंटा हातात आल्यावर बाई थांबेनात. मात्र संपल्यावर त्यांनी अट घातली : यातल्या सासूच्या ओव्या माझं थोरलं पोरगं जिवंत असेपर्यंत कोणाला ऐकवायच्या नाहीत. सासू केव्हाच वारलेली, पण पोराचा आजीवर जीव. ती अट आम्ही तशीच फाईलच्या नोंदीत लिहिली. आमच्याकडं आता अशी बंद ठेवलेली मुद्रणं बरीच आहेत. बाहेरचा कोणी आला की त्याला आधी तीच हवी असतात.

शनिवारच्या बाजारातही हाच अनुभव. आटपाडीचा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार नावाजलेला. २०२० साली इथल्या बाजारात एका माडग्याळ जातीच्या मेंढ्याला सत्तर लाखांची मागणी आली आणि मालकानं दीड कोट सांगितले, तेव्हा वाहिन्यांच्या गाड्या आल्या, दिवसभर तोच मेंढा टीव्हीवर. पण त्याच बाजारात दोन माणसं उपरण्याखाली हात घालून बोटं दाबतात, तोंडानं भलताच आकडा बोलतात आणि सौदा मिटतो, तिकडं कोणाचा कॅमेरा वळला नाही. आम्हाला ते हवं होतं. आमचाच सोबती व्यापारी, तो आडवा पडला. म्हणाला, बोटांचा हिशेब मुद्रित झाला की आमचा धंदा उघडा पडला. ज्याचं पोट त्यावर आहे त्याला आधी विचारा. विचारलं. बहुतेकांनी नको म्हटलं. एका वयस्कर दलालानं मार्ग काढला : सौदा कसा मोडला, कोणी कोणाला कसं फसवलं, याच्या गोष्टी सांगतो, बोटं नाही दाखवणार. त्या गोष्टी आमच्या संग्रहातल्या सगळ्यात जास्त ऐकल्या जाणाऱ्या फायली आहेत. बोटांचा हिशेब त्या माणसांबरोबर जाईल, जाऊ दे. त्यांचा आहे.

हलगीच्या वेळी हे प्रकरण याहून खोल गेलं. आमच्या मास्तरांची इच्छा होती, की जुन्या दवंडीचे, हलगीच्या ठेक्यांचे नमुने घ्यावेत. कोणत्या प्रसंगाला कोणता ठेका, हे सांगू शकतील अशी माणसं थोडी उरली आहेत. आम्ही एका घरी गेलो. आजोबा तयार होते, आनंदानं सांगत होते. नातू शिकलेला, नोकरी करणारा, तो सुट्टीला आलेला. त्यानं शांतपणे थांबवलं. म्हणाला, तुम्ही ज्याला गावाची कला म्हणताय ते आमच्यावर लादलेलं काम होतं. दवंडी दिली नाही तर काय व्हायचं ते पण रेकॉर्ड करणार का? शंकरराव खरातांचं ‘तराळ-अंतराळ’ हे आत्मचरित्र त्यानं वाचलेलं होतं, आणि ते याच गावातलं आहे. तराळकीच्या, म्हणजे असल्याच लादलेल्या गावकीच्या कामातनं निघून माणूस मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला, १९८४ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, आणि आपण पुन्हा त्या घरांपुढं जाऊन म्हणतो, जरा दवंडी देऊन दाखवा.

मास्तर दुखावले. दोन आठवडे आमच्यात बोलणं नीट नव्हतं. अमूर्त वारशासाठी युनेस्कोचा जो करार २००३ साली झाला आणि भारतानं २००५ मध्ये मान्य केला, त्यात वारसा म्हणजे त्या त्या समाजानं स्वतः आपला म्हणून ओळखलेला, असं स्पष्ट आहे. म्हणजे नातवाचा मुद्दा कायद्यानंही बरोबर होता. पण कायद्यानं प्रश्न सुटला नाही, सुटला तो आजोबांमुळं. ते म्हणाले, ठेका मी वाजवणार, तो माझा हात आहे. पण वाजवायच्या आधी, ते वाजवून काय मिळायचं आणि काय मिळायचं नाही, ते पोरगं विचारेल तसं सांगणार. असं एकाच फाईलमध्ये दोन्ही आहे. ठेका वेगळा काढून कुठं वापरायचा नाही, रिंगटोनला नाही, कार्यक्रमाच्या सुरुवातीला नाही. ही अट नातवानं स्वतःच्या हातानं आमच्या वहीत लिहिली. माझ्या मते आमच्या सगळ्या कामातलं ते सगळ्यात मोलाचं मुद्रण आहे, आणि मास्तरांचं आजही मत आहे की ठेके वेगळे घ्यायला हवे होते.

स्वतंत्रपूरच्या आठवणी जमवताना वेगळाच घोळ. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात. बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या राजवटीत मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियरच्या कल्पनेतून १९३९ साली इथं कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंत नाही, बेड्या नाहीत, कैद्यानं शेती करायची, घरच्यांना बरोबर ठेवायचं. त्यावरनं १९५७ साली व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, कथा गदिमांची. आता गावातल्या जुन्या माणसाला स्वतंत्रपूरचं विचारलं की तो जे सांगतो त्यात स्वतंत्रपूर किती आणि सिनेमा किती, हे वेगळं करणं अवघड. एकजण जेलर आणि बैलाची झुंज डोळ्यांदेखत बघितल्यासारखी सांगत होता. आमच्या मुलीनं हळूच विचारलं, हे सिनेमात बघितलं का? तो म्हणाला, “सिनेमात आमचंच बघून घेतलंय त्यांनी.” आम्ही ते खोडलं नाही. नोंदीत लिहिलं, की हा प्रसंग चित्रपटातही आहे. पुढं ज्याला अभ्यास करायचाय तो करील.

गजीचंही तसंच. ढोल, कैताळ, रुमाल, गोल रिंगण, हे सगळ्यांकडं. पण शेजारशेजारच्या दोन गावांत चाल बदलण्याची खूण वेगळी, आणि दोन्ही गावांचं म्हणणं की आमचीच मूळची. पहिल्यांदा आम्ही कोणती खरी ते ठरवायला गेलो असतो तर दोन्ही गावं तुटली असती. दोन्ही घेतल्या, शेजारी शेजारी ठेवल्या. आता पोरं मोबाईलवर दोन्ही बघतात आणि तिसरीच नाचतात.

ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी कामातलं थोडं सांगतो. मुद्रण करणं आता कठीण राहिलं नाही. साधा मोबाईल पुरतो. पंखा बंद करायचा, वाऱ्याकडं पाठ करायची, फोन विमान मोडवर टाकायचा, बोलणाऱ्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर ठेवायचा. नको असलेला आवाज पूर्ण काढायच्या मागं लागू नये. शेळी ओरडली तर ओरडू दे, त्यावरनं ऋतू कळतो. सगळी कष्टाची बाजू त्यानंतर आहे. फाईलचं नाव फोननं दिलेलं तसंच राहिलं, तर वर्षभरात त्या ढिगातनं काही सापडत नाही. आम्ही नावात तारीख, गाव आणि माणसाचा क्रमांक लिहितो. वहीत त्या क्रमांकापुढं नाव, वय, काय सांगितलं, कोणाला ऐकवायचं, कोणाला नाही. परवानगी कागदावर घेण्यापेक्षा मुद्रणाच्या सुरुवातीला त्यांच्याच तोंडून घेतलेली बरी. अंगठ्याला शाई लावायची म्हटलं की आमच्याकडचा माणूस सोसायटीचं कर्ज आठवून मागं सरतो. व्हॉट्सॲपवरनं आवाज आला की तो दाबून बारीक झालेला असतो. म्हणून फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगायचं, हे शंभरदा सांगायचं. आणि प्रती तीन. एक माझ्या दुकानात, एक मास्तरांच्या घरी, एक तालुक्याबाहेर.

ती तालुक्याबाहेरची प्रत कोइमतूरला आहे, एका गलाईवाल्याकडं. ही माणसं आमच्या कामाचा कणा झाली. गावात राहणाऱ्याला गावाचं काही वाटत नाही असं मी म्हणणार नाही, पण त्याला वेळ नसतो. पेरणी, डाळिंबाची फवारणी, लाईट कधी येते ते बघणं. भट्टी बंद करून रात्री खोलीवर एकटा पडलेला माणूस मात्र तासभर बोलतो. मूस, तेजाब, टंच, पहिल्यांदा गावातनं निघाल्यावर रेल्वेत काय खाल्लं, परक्या मुलखात पहिला शब्द कोणता शिकला, असं सगळं. त्यांच्या पोरांची मराठी तमिळ वळणाची, आणि आजीच्या तोंडचा शब्द कळला नाही की तीच पोरं फोन करून विचारतात. आमच्या शब्दांच्या यादीत निम्म्याहून जास्त शब्द असे विचारल्यामुळं आलेले आहेत.

कधी कधी पाहुणे येतात आणि हळहळतात, की जुनं सगळं चाललं. मला ती हळहळ पुरती पटत नाही. १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरल्या, नागनाथअण्णा नायकवडींसारखी माणसं त्यासाठी झिजली, तेरा दुष्काळी तालुक्यांतनं लोक बैठकीला यायचे. पुढं टेंभू योजनेचं पाणी आलं. त्यामुळं काही घरांनी मेंढरं विकली, काही ओव्या बंद पडल्या. तरीही पाणी यायलाच हवं होतं. ज्या बाईनं ७२ च्या दुष्काळात खडी फोडली तिला जाऊन विचारा, गाणी राहायला हवी होती का पाणी यायला. त्या परिषदांच्या घोषणाही आम्ही मुद्रित करून ठेवल्यात, त्या देणाऱ्या माणसांच्याच घशातनं.

मागच्या वर्षी एका घरातनं निरोप आला. आईचं मुद्रण काढून टाका. कारण त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. आमच्यात त्यावरनं पुन्हा खडाजंगी झाली. मास्तर म्हणाले, नुसतं बंद ठेवू, पुढच्या पिढीला हवं असेल. वहिनी म्हणाल्या, मग आजवर घेतलेल्या सगळ्या अटींना काय अर्थ राहिला? दुकानातल्या डिस्कवरनं काढलं, मास्तरांच्या घरची प्रत त्यांच्यासमोर काढली, कोइमतूरला फोन करून तिथलंही काढायला लावलं. त्या घरच्यांनी स्वतः कोइमतूरला फोन लावून खात्री करून घेतली. आणि महिन्याभरानं त्याच घरातली धाकटी सून वहिनींकडं आली, माझ्या माहेरच्या आत्याकडं कधी जाऊया, म्हणून विचारायला.